मालकीणबाईंशिवाय चालू न होणारा ट्रक

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे. किती जुना ते विचारू नका. माझ्या वयाच्या बऱ्याच गाड्यांचे आता खिळे झाले आहेत आणि काहींच्या कढया. मी मात्र अजून माझ्या चाकांवर उभा आहे. मी स्वतःला ट्रक म्हणवतो, पण सगळे मला गाडीच म्हणतात. 'ती आली', 'ती गेली', 'ती रुसली'. पूर्वी फार राग यायचा. आता मिशा असत्या तर पिळून दाखवल्या असत्या, एवढंच.

माझी गोष्ट सांगतो. तिला थोडं तिखटमीठ लागेल. इतकी वर्षं धूळ खाल्लेल्या तोंडाला अळणी चालत नाही. पण त्या बोल्टाचं जे सांगेन ते जसं घडलं तसं आहे.

एका लांबलचक शेडमध्ये माझा जन्म झाला. आधी चासी आली, म्हणजे माझा लोखंडी कणा. मग त्यावर इंजिन बसलं, मग चाकं, आणि सगळ्यात शेवटी केबिन. डोकं शेवटी बसवल्यामुळे मी अजूनही विचार जरा उशिरा करतो. माझा हॉर्न त्या काळी असा खणखणीत होता की एकदा डोंगरातल्या वळणावर वाजवला, तर समोरचं धुकं दचकून बाजूला झालं. खोटं वाटत असेल तर धुक्याला विचारा.

मला विकत घेतलं ते माझ्या मालकांनी. तेव्हापासून आजपर्यंत दुसऱ्या कुणाचा हात माझ्या स्टिअरिंगला कायमचा लागला नाही. आमचं काम काचेचं. एका कारखान्यात औषधाच्या बाटल्या बनायच्या, त्या पेट्यांत भरून आम्ही लांबच्या दुसऱ्या कारखान्यात पोचवायचो. तिथे त्यांत खोकल्याचं औषध भरत. रिकाम्या बाटल्या म्हणजे नाजूक पाहुणे. खड्डा लागला की सगळ्या एकदम कुजबुजतात, ब्रेक जोरात दाबला की किंचाळतात. मालकांनी त्यांना कधी किंचाळू दिलं नाही. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्यांना पाठ होता. काही खड्ड्यांना तर ते मान लववून ओळख दाखवत. कारखान्यातले मुकादम माझ्या मडगार्डवर थाप मारून म्हणायचे, "या गाडीतनं गेलेली पेटी उघडून बघायची गरज नसते." त्या थापेनं माझ्या रेडिएटरमध्ये पाणी गोड व्हायचं.

मालक माणूस सोन्यासारखा, पण बोलणं कमी. दिवसभरात त्यांच्या तोंडून निघणारे शब्द एका काडेपेटीत मावले असते, आणि वर काड्यांना जागा उरली असती. मालकीणबाई याच्या अगदी उलट. त्या भाजी चिरतानाही भाजीशी बोलायच्या. मी अंगणात ज्या खिडकीखाली उभा असायचो ती त्यांच्या स्वयंपाकघराची, त्यामुळे घरातलं सगळं मला ऐकू यायचं. त्यांची एकुलती एक मुलगी घरात होती तोवर तिथे नुसता चिवचिवाट असायचा. मग ती नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली. त्यानंतर मालकीणबाईंच्या प्रश्नांना उत्तर द्यायला घरात मालक तेवढे राहिले, तेही दोन फेऱ्यांच्या मधे.

"भाजी कशी झालीय?"

"हं."

"मीठ कमी आहे का?"

"हं."

"म्हणजे कमी आहे की नाही?"

"हं."

हळूहळू मालकीणबाईंनी विचारणंच सोडून दिलं. खिडकीतून नुसते ताट-वाटीचे आवाज यायला लागले. मित्रांनो, मला सायलेन्सर आहे, तरी एवढी शांतता मला सोसत नव्हती.

आता ज्या दिवसांत माझं दुखणं सुरू झालं तिकडे येतो. काच कारखान्याची भट्टी आतून नव्यानं बांधायला काढली. भट्टी बंद, म्हणजे बाटल्या बंद, म्हणजे आम्ही घरी. मालकांना रिकामं बसता येत नाही. त्यांनी माझं एकेक अंग सुटं करून धुतलं, घासलं आणि मला रंग द्यायला घेतला. वरून आकाशी, खालून काळा. असा रंग नवरदेवालाही कुणी लावत नाही. पायऱ्या काढल्या, चासी रंगवली, पायऱ्या धरून ठेवणारे लोखंडी कंस रंगवले, बोल्टाच्या डोक्यांवरसुद्धा बारीक ब्रश फिरवला. मालकीणबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "घराच्या दाराला रंग द्या म्हणून सांगून सांगून माझे केस पिकले. गाडीच्या पोटाखाली कोण बघायला जाणार आहे?"

मालक माझ्या पोटाखालून म्हणाले, "हं."

त्या रंगानेच घात केला. कसा, ते समजावं म्हणून विजेची एक गंमत सांगतो. किल्ली फिरवली की बॅटरीतली वीज निघते आणि 'सेल्फ' नावाच्या मोटरीकडे जाते. सेल्फ इंजिनाला धक्का देऊन जागं करतो. पण काम झालं की विजेला परत बॅटरीकडे, आपल्या घरी यायचं असतं. ही परतीची वाट माझ्या लोखंडातूनच जाते. इंजिन रबराच्या उशांवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन आणि चासी यांना जोडायला एक जाड, विणलेली तांब्याची पट्टी असते. तिला अर्थिंग म्हणतात. विजेचा स्वभाव असा की परत यायची वाट चांगली नसेल तर ती घरातून निघतच नाही.

माझी ही पट्टी डाव्या पायरीच्या कंसाबरोबर एकाच बोल्टाखाली आवळलेली होती. मालकांनी सगळं रंगवलं, रंग वाळू दिला, आणि पट्टी रंगावरच ठेवून बोल्ट आवळला. लोखंड आणि तांबं यांच्यामध्ये रंगाचा छान, चकचकीत, प्रेमानं दिलेला पडदा. वीज बिचारी बोल्टाच्या आट्यांना धरून कशीबशी जायची, कधी जमायचं, कधी नाही.

भट्टी पुन्हा पेटली आणि पहिल्याच सकाळी मालकांनी किल्ली फिरवली. मी म्हणालो, "टक."

एवढंच. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण तोंडातून दुसरं काही निघेना. परत फिरवली, टक. अन् मग चौथ्या-पाचव्यांदा कसा कोण जाणे, मी चालू झालो. पुढचे कित्येक दिवस हाच खेळ. ॲक्सिलरेटरची केबलही उगाच कडक होऊन अडकायला लागली. मालकांनी ती दोनदा बदलली. येणारे-जाणारे सल्ले देऊन जात. कुणी म्हणालं उताराकडे तोंड करून उभी करा, कुणी म्हणालं किल्ली हळू फिरवा, तर शेजारचा शिंपी म्हणाला, गाडीला नवा रंग आवडला नसेल. खरं तर सगळ्यांत जवळ तोच पोचला होता, पण शिंप्याचं कोण ऐकतो.

गावात गाड्यांच्या विजेची कामं करणारे एक म्हातारे होते. अंगानं काडी, आवाजानं तोफ. सगळे त्यांना ठिणगीमामा म्हणत. मालक मला त्यांच्या गॅरेजवर घेऊन गेले. मामा आपली लोखंडी पान्यांची पेटी दोन्ही हातांनी उचलून आणायचे आणि नेहमीच्या सवयीनं गाडीच्या डाव्या पायरीवर धाडकन ठेवायचे. झालं. त्या वजनानं कंस खाली ओढला जायचा, बोल्ट तिरका होऊन रंगातून लोखंडाला चावायचा, आणि विजेला वाट मिळायची. मामांनी किल्ली फिरवली की मी पहिल्या झटक्यात गर्जना करायचो. डॉक्टरसमोर गेल्यावर दात दुखायचा थांबतो ना, तसं.

"कुठाय बिघाड?" मामा म्हणायचे. "तुझ्या हातातच काहीतरी आहे."

तरी त्यांनी बॅटरी नवीन घातली. दुसऱ्या खेपेला सेल्फ उघडून आतले झिजलेले ब्रश बदलले. प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये मी शहाणा मुलगा, आणि घरी आलो की टक.

एका सकाळी मालक असेच किल्ली फिरवत बसले होते. घाईत ते जेवणाचा डबा घरातच विसरले होते. मालकीणबाई तो घेऊन डाव्या बाजूनं आल्या, पायरीवर चढल्या, दांडा धरून उभ्या राहिल्या आणि खिडकीतून डबा पुढे केला. त्यांचे गुडघे दुखत, म्हणून त्या पायरीवर दोन्ही पाय ठेवून जरा दम खात. अंगानं त्या भरलेल्या. कंस वाकला, बोल्ट चावला, नेमकी त्याच वेळी मालकांनी किल्ली फिरवली, आणि मी असा चालू झालो की अंगणातल्या चिमण्या दुसऱ्या गावाला राहायला गेल्या.

मालकांनी इंजिन बंद केलं. "उतर जरा."

त्या उतरल्या. टक.

"चढ."

त्या चढल्या. मी सुरू.

दोघांनी हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मग मालकीणबाई पायरीवर उभ्या राहून इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला डबा वाजायला लागला. "बघा, गाडीला तरी माझी किंमत कळते," त्या म्हणाल्या.

मालकांनी डोकं खाजवलं. मग स्टिअरिंगकडे बघत म्हणाले, "वाटेत बंद करावी लागते. जेवायला, माल भरायला."

"मग?"

"हं."

मालकीणबाईंनी त्या 'हं'चा अर्थ लावला, चपला बदलल्या आणि घराला कुलूप घातलं.

मित्रांनो, त्यानंतरचे ते दिवस. माझ्या केबिनमध्ये तोवर फक्त इंजिनाचा आवाज राहायचा. आता मालकीणबाई डाव्या बाजूला उशी टाकून बसायच्या आणि वाटेतल्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायच्या. एका न्हाव्यानं पाटीवर 'इथे घाई करत नाही' असं लिहिलं होतं. त्यावर त्या दोन मैल हसल्या. एका वळणावर मालकांनी मला थांबवलं आणि खिशातून बिस्किट काढून बाहेर टाकलं. एक लंगडा कुत्रा शेपूट हलवत आला.

"हे कुठलं कुत्रं?"

"इथलंच. रोज असतं."

"म्हणजे तुम्ही रोज ह्याला बिस्किट घालता?"

"हं."

"इतकी वर्षं? आणि मला ठाऊक नाही?"

"तू कधी विचारलं नाहीस."

"मी विचारू? वाटेत एक लंगडं कुत्रं भेटतं का, असं बायको विचारते का कुणाची?"

यावर मालक हसले. आवाज काढून हसले. मी इतक्या वर्षांत त्यांचं हसणं पहिल्यांदा ऐकलं. मला वाटलं, माझाच कुठलातरी पट्टा सुटला. त्यानंतर ते बोलायला लागले. आधी खड्ड्यांबद्दल, मग बाटल्यांबद्दल, मग मुलीबद्दल. ती घर सोडून गेली त्या दिवशी ते तिला बसमध्ये बसवून परत येताना रस्ता चुकले होते, हे त्यांनी मालकीणबाईंना त्याच केबिनमध्ये सांगितलं. मालकीणबाईंनी मालकांच्या खांद्यावरची धूळ झटकली. तिथे धूळ नव्हती. मी रोज बघतो, मला माहीत आहे.

आता पुढचं जरा हळू सांगतो.

एका दुपारी मालकीणबाई शेजारी शिंप्याकडे गेल्या होत्या. मालक माझ्याजवळ आले. त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं. त्यांनी वाळूचं एक पोतं ओढत आणलं, डाव्या पायरीला बांधलं आणि किल्ली फिरवली. मी चालू झालो. त्यांनी मला बंद करून पोतं सोडलं, पुन्हा किल्ली फिरवली. टक. मग ते माझ्या पोटाखाली शिरले. पाना लावून बोल्ट सोडला, पट्टी बाजूला केली, आणि त्यांना आपणच दिलेला रंग दिसला. खिशात पॉलिश पेपरचा तुकडा होता. दोनदा घासलं असतं तर माझं दुखणं तिथेच संपलं असतं.

त्यांनी पेपर बाहेर काढला. बघितला. परत खिशात घातला. मग पट्टी होती तशी रंगावर ठेवून बोल्ट आवळला आणि पोतं कुंपणामागे टाकून दिलं.

मी काय करणार? मला हॉर्न आहे, पण तो दुसऱ्यानं दाबावा लागतो.

संध्याकाळी मालकीणबाईंनी विचारलं, "मामांना पुन्हा दाखवायची का गाडी?" मालक म्हणाले, "मामांना काही सापडत नाही. राहू दे." आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा दांडा धरून पायरीवर उभ्या राहिल्या. त्यांचे गुडघे कुरकुरलेले मला ऐकू आले. ते मालकांनाही ऐकू आले असावेत, कारण किल्ली फिरवताना त्यांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

अशाच चोरट्या सुखात आमचं चाललं होतं. पण काच कारखान्याच्या फाटकावर नवा पहारेकरी आला. त्यानं हात आडवा केला. "आत फक्त ड्रायव्हर. बाकी मंडळी बाहेर."

"अहो, ही उतरली तर गाडी चालू होत नाही," मालक म्हणाले.

पहारेकऱ्यानं असली कारणं भरपूर ऐकलेली. "मग बंद करू नका."

पण माल भरताना इंजिन बंदच ठेवावं लागतं, नाहीतर थरथरीनं पेट्या सरकतात. मालकीणबाई फाटकाबाहेरच्या बाकावर बसल्या. मी आत गेलो, बंद झालो, पेट्या भरल्या गेल्या. मुकादम घाई करत होते, मागे दुसऱ्या गाड्या खोळंबल्या होत्या. मालकांनी इकडेतिकडे बघितलं, पाण्यानं भरलेला मोठा कॅन डाव्या पायरीला अडकवला, किल्ली फिरवली, आणि मी चालू होताच कॅन काढून घेतला.

फाटकाबाहेर मालकीणबाई उभ्याच होत्या. "चालू झाली?"

"बंद केलीच नव्हती," मालक म्हणाले.

मित्रांनो, माझं इंजिन बंद झालेलं तीन गावं पलीकडे कळतं. म्हशी दूध द्यायच्या थांबतात. बाक तर भिंतीला लागून होता. त्यांनी मला बंद होताना ऐकलं होतं आणि पुन्हा चालू होतानाही. त्या फक्त "बरं" म्हणाल्या आणि वर चढून बसल्या. त्या दिवशी त्यांनी एकही पाटी वाचली नाही. न्हाव्याचं दुकान तसंच मागे गेलं.

दुसऱ्या दिवशी मालक जेवून आडवे झाले, तशा मालकीणबाई बाहेर पडल्या आणि चहाच्या टपरीवरून ठिणगीमामांना घेऊन आल्या. पायरीची सगळी गंमत ऐकूनही मामा वाटभर कुरकुरत होते. "अगं पण माझी पेटी गॅरेजवर आहे. खिशात हा दिवा आणि दोन पाने, एवढ्यावर काय होणार?"

"पेटी राहू द्या. तुम्ही आलात ना, पुरे झालं. मी लांब उभी राहते. फिरवा किल्ली."

मामांनी फिरवली. टक.

मामांचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांत मी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच आजारी पडलो होतो. "आली. आली बघ जागेवर," ते म्हणाले. "आता हिला हलवायची नाही. पोरी, तू ड्रायव्हरच्या बाजूनं वर बस. मी सांगेन तेव्हा किल्ली फिरव."

माझ्या 'टक'नं मालक जागे झाले आणि बनियनवरच बाहेर आले. "मामा, उन्हात कशाला तडमडता? बॅटरी असेल."

"बॅटरी मी घातलीय. नवी आहे."

"मग सेल्फ असेल."

"सेल्फही मीच उघडलाय. तू मला माझीच कामं मोजून दाखवू नकोस. सावलीत बस."

मालक बसले नाहीत. दारूगोळ्याच्या कोठारात विडी ओढणाऱ्याकडे बघावं तसे ते मामांकडे बघत उभे राहिले.

मामांनी आधी माझे पुढचे दिवे लावायला सांगितले. "आता फिरव." टक. दिवे तसेच लख्ख. "बघितलंस? सेल्फ वीज ओढत असता तर दिवे मंद झाले असते. इथे वीज निघतच नाहीय. म्हणजे वाटेत कुठेतरी अडसर." मग त्यांनी ॲक्सिलरेटरच्या केबलला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. "ही तापलीय. हिचं काय काम तापायचं? विजेला नीट वाट नाही, म्हणून ती ह्या बारक्या केबलवरून परत जायला बघतेय. किती केबली जाळल्यास रे?"

"दोन," मालक पुटपुटले.

मामांनी खिशातला दिवा काढला. त्याला दोन वायरी होत्या. एक त्यांनी बॅटरीच्या अधिक टोकाला लावली, दुसरी चासीला टेकवली. दिवा लागला. "फिरव." टक, दिवा तसाच तेवत राहिला. मग दुसरी वायर इंजिनाच्या अंगाला टेकवली. दिवा लागला. "फिरव." टक, आणि दिवा विझला. मालकीणबाईंनी किल्ली सोडली, दिवा पुन्हा लागला.

"चासीपर्यंत सगळं ठीक. चासी आणि इंजिन ह्यांच्यातच बिनसलंय," मामा म्हणाले. "एरवी बरं दिसतं. भार आला की कळतं."

मालकीणबाई केबिनमधून मालकांकडे बघत होत्या. मालक माझ्या टायरकडे बघत होते.

मामांनी बॅटरीच्या उणे टोकापासून थेट इंजिनापर्यंत एक जाड केबल धरली. माझ्याकडे पडलेलीच जुनी होती. "फिरव." आणि पायरीवर कुणी नसताना, पोतं नसताना, कॅन नसताना मी चालू झालो. केवढं बरं वाटलं, काय सांगू. मी अंगणभर धूर सोडला.

इंजिन बंद करून मामा माझ्या पोटाखाली गेले. पाना फिरल्याचा आवाज आला, मग त्यांची तोफ. "अरे, हा बोल्ट आहे की नवरी? पट्टीखाली रंग, वॉशरखाली रंग. कुणी एवढ्या मायेनं रंगवलंय?"

"ह्यांनीच," मालकीणबाई म्हणाल्या.

"तरीच. तू डाव्या पायरीवर चढलीस की हा कंस ओढला जायचा अन् बोल्ट चावायचा. तुझ्या पायात काही जादू नव्हती, पोरी. वजन होतं." मामा जरा थांबले. "पण ह्या नटावर पान्याचे ताजे ओरखडे आहेत. रंगाच्या नंतरचे. कुणीतरी हे उघडून बघितलंय, आणि होतं तसं लावून ठेवलंय."

मामांना आपण काहीतरी भलतंच बोलून गेलो हे कळलं असावं, कारण ते बाहेर यायचं सोडून आतच बोल्ट खरवडत बसले. बोल्ट केव्हाच स्वच्छ झाला होता. त्यांनी तो खरवडून खरवडून बारीक केला.

"कुणी उघडला?" मालकीणबाईंनी विचारलं.

मालक म्हणाले, "मी."

"कधी?"

"तू शिंप्याकडे गेली होतीस तेव्हा."

"म्हणजे इतके दिवस मी ह्या मोडक्या गुडघ्यांनी चढत उतरत होते, ते उगाच?" त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं तुमचं अडतंय. रात्री गुडघ्यांना तेल चोळताना वाटायचं, असू दे, तेवढी आपली मदत. आणि तुम्ही बघून, झाकून, वर माझ्याशी खोटं बोललात."

मालक उभेच. त्यांच्या घशात शब्द आले होते, मला दिसत होतं. पण ते पण माझ्यासारखेच टक करून थांबत होते.

खालून मामा म्हणाले, "आवळला. फिरव आता."

मालकीणबाईंनी किल्ली फिरवली. मी पहिल्याच झटक्यात चालू झालो, स्वच्छ, एकसारखा, तरुणपणी व्हायचो तसा. त्यांनी ऐकलं, मान हलवली, मला बंद केलं, आणि सावकाश उतरून घराकडे निघाल्या. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, बरा झालो नसतो तर.

"उद्या सकाळी माल भरायचाय," मालक मागून म्हणाले.

"भरा."

"तू येणार ना?"

त्या वळल्या. "माझं आता काय काम? गाडी चालू होते."

"काम काही नाही," मालक म्हणाले. मग थांबले. मग एकदम, जणू मामांनी त्यांच्याही बोल्टावरचा रंग काढला होता, "काम नाही म्हणूनच म्हणतोय, चल. गाडी बिघडली तेव्हा तू गाडीसाठी आलीस. मी नुसतं चल म्हटलं असतं, तर तू विचारलं असतंस, कशाला? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी ते तसंच ठेवलं. तुझे गुडघे रोज ऐकू यायचे गं. रोज वाटायचं, आज घासून टाकू. पण मग तू घरी अन् मी रस्त्यावर. त्या न्हाव्याची पाटी मी एवढ्या वर्षांत कधी वाचलीच नव्हती."

मित्रांनो, काडेपेटीच काय, अख्खं खोकं भरून शब्द होते.

मालकीणबाई दारात उभ्या राहिल्या. रंग उडालेल्या त्या चौकटीला हात लावून. मामा अजून बाहेर यायला तयार नव्हते.

"एवढं मोठं वाक्य येतं तुम्हाला," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि मी पंचवीस वर्षं 'हं' खात बसले." डोळे पुसून त्या पुढे म्हणाल्या, "माझा राग गेलेला नाही. आणि ही पायरी मला उंच पडते. तिच्या खाली आणखी एक पायरी बसवून घ्या आधी. मग बघू."

मालक बनियनवरच मला घेऊन वेल्डिंगच्या दुकानाकडे निघाले. मामांना माझ्या पोटाखालून घाईघाईनं सरपटत बाहेर यावं लागलं. "अरे, माणूस आहे खाली," ते ओरडत राहिले.

तर अशी माझी गोष्ट. मी आता थकलोय. रंग पुन्हा उडालाय, हॉर्न बसलाय, धुकं मला भीत नाही. पण मला डाव्या बाजूला दोन पायऱ्या आहेत, आणि माझ्या वयाच्या एकाही ट्रकाला तसल्या नाहीत. राग किती दिवस टिकला म्हणाल, तर त्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत. तिथे त्यांना हसू आवरलं नाही.

तुमच्या घरी सायकल असेल, पंखा असेल, एखादं जुनं यंत्र असेल, तर त्याची काळजी घ्या, मित्रांनो. पुसा, तेल घाला, हौसेनं रंगवा. पण जिथे लोखंड लोखंडाला भेटतं तिथला रंग आधी खरवडा. आणि कुणी नुसतं टक करून थांबलं, तर लगेच त्याला मोडीत काढू नका. आतून ते जीव तोडून प्रयत्न करत असतं. थोडं खाली वाकून बघा.

बरं, निघतो. मालकीणबाई कुलूप लावून आल्या, खालच्या पायरीवर एक पाय ठेवलाय, आणि वरच्या पायरीआधी नेहमीसारखा दम खातायत. मी केव्हाचाच चालू झालोय. मालक त्यांच्यासाठी थांबलेत.